जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस : पंखा फिरतो, पुढे काय?

आज जुन्या डेस्कटॉपच्या एसएमपीएसबद्दल बोलायचं आहे. कॅबिनेटच्या मागे जिथे तीन पिनांची काळी वायर खुपसतो, तो पत्र्याचा चौकोनी डबा. भिंतीतली २३० व्होल्टची एसी घ्यायची आणि आत १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी पुरवायची, एवढंच त्याचं काम. पण तो बिघडला तर एकटा जात नाही. मदरबोर्ड, हार्ड डिस्क आणि त्या डिस्कवरचं सगळं सोबत घेऊन जाऊ शकतो.

निमित्त सांगतो. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेसाठी आम्ही तिघा निवृत्तांनी इथे बेंगळुरूत नऊ जुने कॉम्प्युटर जमवले. कोअर टू ड्युओच्या पिढीतले, कार्यालयांतून बाहेर पडलेले. बेंगळुरूत अशा यंत्रांना तोटा नाही. एस. पी. रोडच्या गल्ल्यांत एकावर एक रचलेली दिसतात. नऊपैकी निम्म्यांचे मूळ एसएमपीएस कधीच बदललेले होते. कोणी, कधी, कुठला घातला, पत्ता नाही. एका दुकानदाराने माझ्यासमोर हिरवी आणि काळी वायर तारेने जोडली, पंखा फिरला, म्हणाला, "सर, फर्स्ट क्लास."

नोकरीची तीस वर्षं मी सिग्नल्समध्ये काढली. जनरेटर, बॅटऱ्या, चार्जर हे रोजचं काम. इंजिन चालू होणं आणि इंजिनाने लोड ओढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिथे शिपाईसुद्धा जाणतो. पंखा फिरला याचा अर्थ एवढाच की डबा मेलेला नाही.

तपासणीच्या आधी एक गोष्ट. हा डबा उघडायचा नाही. २३० व्होल्टची एसी डीसी झाली की आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट जमतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच राहू शकतात. ज्याला ते उतरवता येतात त्याला माझ्या भाषणाची गरज नाही. बाकीच्यांनी बाहेरूनच काम करायचं, आणि बाहेरून खूप काही कळतं.

सुरुवात डोळ्यांनी आणि नाकाने करा. प्लग काढून पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारा. कपॅसिटर म्हणजे आत उभ्या असलेल्या छोट्या नळकांड्या. त्यांचं डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल, वर तपकिरी खरपुडी दिसत असेल, तर पुढची तपासणी करायची गरजच नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत खराब रसायन भरलेल्या कपॅसिटरनी जगभर धुमाकूळ घातला होता. डेलसारख्या कंपनीला २००५ मध्ये ऑप्टिप्लेक्स यंत्रांच्या मदरबोर्डवरच्या अशा कपॅसिटरपायी ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. चांगल्या प्रतीचा कपॅसिटरही अमर नसतो. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. धुळीने पंखा गुदमरलेला डबा म्हणजे वयाने दुप्पट म्हातारा समजा. आमच्या नऊपैकी एक इथेच बाद झाला.

मागे लाल रंगाची ११५/२३० अशी सरकपट्टी असेल तर ती बघा. ती २३० वरच हवी. ११५ वर ठेवून आपल्याकडे लावलं तर आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं आणि कपॅसिटर धडाक्याने फुटतात. अमेरिकेहून मुलाने पाठवलेलं जुनं यंत्र असेल तर हे आधी. आणि शाळेत द्यायचं असेल तर त्या पट्टीवर गरम गोंद किंवा जाड चिकटपट्टी लावाच. पेन्सिलचं टोक बरोबर मावेल अशी ती खाच आहे, आणि सातवीतल्या मुलाच्या हातात पेन्सिल असतेच.

आता मल्टिमीटर. साधा चालेल, डीसी २० व्होल्टच्या रेंजवर. रंग लक्षात ठेवा: काळी म्हणजे शून्य, पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३, जांभळी म्हणजे स्टँडबायची ५, निळी म्हणजे उणे १२. हिरवी सुरू करण्याची. करडी 'पॉवर गुड'ची, म्हणजे सगळं जाग्यावर आलं की डबा मदरबोर्डला "आता चालू हो" असं जिच्यावरून सांगतो ती. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स आणल्यापासून हे रंग बहुतेक ठिकाणी असेच आहेत. बहुतेक म्हणतोय, कारण काही मोठ्या कंपन्यांनी कनेक्टर तसाच ठेवून आतला क्रम बदलला होता. १९९० च्या दशकाच्या शेवटचे डेल त्यासाठी प्रसिद्ध आहेत. असा डबा साध्या बोर्डाला लावला तर बोर्ड जळतो. म्हणून ब्रँडेड यंत्रात दुसरा एसएमपीएस घालण्यापूर्वी दोन्हींचे रंग खणानुसार जुळवून बघा.

एसएमपीएस मदरबोर्डपासून सोडवा, भिंतीतलं बटण चालू करा, आणि काहीही न जोडता आधी जांभळी मोजा. पंखा बंद असला तरी तिथे ५ व्होल्ट हवेतच. हा भाग प्लग चालू असेपर्यंत रात्रंदिवस राबतो, म्हणून पुष्कळदा आधी तोच थकतो. सकाळी तीनदा बटण दाबल्यावर सुरू होणारा कॉम्प्युटर तुमच्या घरी असेल तर संशयित हाच. आमच्या एका डब्याची जांभळी ४.४ दाखवत होती. दुसरा बाद.

मग हिरवी-काळी जोडायची आणि बाकीच्या मोजायच्या. धन बाजूला पाच टक्के इकडे-तिकडे चालतं. म्हणजे १२ ची वायर ११.४ ते १२.६, पाचाची ४.७५ ते ५.२५, आणि ३.३ ची साधारण ३.१४ ते ३.४७. उणे १२ ला दहा टक्के सूट आहे. इथवर बहुतेक डबे पास होतात. दुकानदाराचा "फर्स्ट क्लास" इथेच संपतो, आणि आपलं काम इथून सुरू होतं.

लोड कुठून आणायचा? एस. पी. रोडवरून टाउन हॉलच्या दिशेने चालत जे. सी. रोडला जा. तो गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. तिथे मोटारीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट, २१ वॉटचे बल्ब होल्डरसकट मिळतात. एक बल्ब पावणेदोन अँपियर ओढतो, पाच बल्ब मिळून पावणेनऊ. हे पाच पिवळ्या-काळ्या वायरींवर, दोन वेगवेगळ्या कनेक्टरांत वाटून लावायचे. सहावा बल्ब लाल-काळ्यावर. तो मिणमिणताच जळेल, पण एक अँपियरच्या आसपास घेईल आणि तेवढा हवाच. जुन्या डब्यांत १२ आणि ५ यांची लगाम एकच असते. फक्त १२ वर ओझं टाकलं तर ती खाली बसते आणि ५ ची वर चढते, आणि चांगल्या डब्यालाही आपण वाईट ठरवतो.

हेडलाइटचा मोठा बल्ब का नको, असं कोणीतरी विचारणार. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. चांगला डबासुद्धा शॉर्ट समजून स्वतःला बंद करून घेतो. म्हणून छोटे बल्ब, एकामागून एक. ठेवायचे फरशीच्या तुकड्यावर, टेबलावरच्या वर्तमानपत्रावर नव्हे.

अर्धा तास जळू द्या. सुरुवातीला, दहा मिनिटांनी आणि शेवटी पिवळी मोजून कागदावर लिहा. लिहायचंच, लक्षात राहील म्हणायचं नाही. नियम ११.४ चा आहे, पण माझी चाळणी थोडी बारीक आहे. बिनलोडाच्या आकड्यापेक्षा ०.३ व्होल्टहून जास्त उतरला, किंवा अर्ध्या तासात हळूहळू घसरतच राहिला, तर मी तो मुलांच्या यंत्रात घालत नाही. आमचा एक डबा बिनलोडाचा १२.१ होता, पाच बल्बांवर ११.२ झाला, आणि पंखा मात्र शेवटपर्यंत झकास फिरत होता. तिसरा गेला.

व्होल्टेजवर चढलेली बारीक थरथर, म्हणजे रिपल, हाही एक मुद्दा आहे. १२ वर १२० मिलिव्होल्ट आणि ५ वर ५० मिलिव्होल्ट ही मर्यादा. पण ती नीट बघायला ऑसिलोस्कोप लागतो. मल्टिमीटरच्या एसी रेंजवर विसंबून निकाल देऊ नका.

त्यापेक्षा आपल्या घरात एक फुकटची परीक्षा रोज होत असते: वीज जाणं. लाइट गेली की यूपीएस बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो, सहसा दहाच्या आत. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या पोटातल्या साठ्यावर काढायचा असतो. पूर्ण लोडवर सुमारे १६-१७ मिलिसेकंद काढावेत अशी एटीएक्सची अपेक्षा. आपल्या एसीचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे एका आवर्तनाला थोडं कमी. मोठा कपॅसिटर वयाने आटला की हा साठा आटतो. यूपीएस असूनही लाइट गेली की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. लोक लगेच यूपीएसची बॅटरी बदलतात. आधी त्याच यूपीएसवर दुसरा, नवा कॉम्प्युटर लावून बघा. तो टिकला आणि जुना पडला, तर दोष एसएमपीएसचा. आम्ही राहिलेल्या सहा डब्यांवर प्रत्येकी तीन वेळा यूपीएसचा प्लग भिंतीतून ओढला, कॉम्प्युटर कामात असताना, डिस्कवर काही महत्त्वाचं नसताना. पाच टिकले. एक तिन्ही वेळा पडला. चौथा बाद. खानापूरकडे पावसाळ्यात वीज दिवसातून कितीदा जाते हे तिथल्या माणसाला विचारा. तो डबा दिला असता तर दिवाळीपर्यंत डिस्क खराब झाली असती.

आता मापाचा प्रश्न, म्हणजे किती वॉटचा हवा. इथे लेबलवरचा मोठा आकडा विसरून जा. '४५०' असं ठसठशीत लिहिलेलं असतं, पण त्याखालच्या छोट्या तक्त्यात १२ व्होल्टला १६ अँपियर असतात. सोळा बारे १९२ वॉट. बाकीचे वॉट ५ आणि ३.३ मध्ये वाटलेले, जे कोणी वापरत नाही. पेंटियम थ्रीच्या काळात प्रोसेसर ५ आणि ३.३ वर जगत असे, तेव्हा ते ठीक होतं. पेंटियम फोरपासून प्रोसेसरचा घास १२ वर आला आणि म्हणून चार पिनांचं ते वेगळं कनेक्टर आलं. लेबलची घडण मात्र कित्येक वर्षं जुनीच राहिली. १२ च्या दोन ओळी छापल्या असतील तर त्यांची सरळ बेरीज करू नका, खाली 'कंबाइन्ड' म्हणून दिलेली मर्यादा वाचा.

आमच्या शाळेच्या यंत्राचा हिशेब मांडू. प्रोसेसर ई८४००, ६५ वॉटचा. बोर्डवरचं रूपांतर काही खातं, म्हणून १५ टक्के वाया धरून १२ वर साधारण साडेसहा अँपियर. हार्ड डिस्क फिरायला लागताना दोन अँपियर ओढते, नंतर त्याच्या कितीतरी कमी. पंख्यांना अर्धा. झाले नऊ. पाच बल्बांचा लोड पावणेनऊ का धरला ते आता कळलं असेल. जुन्या डब्याच्या लेबलचे मी दोन तृतीयांशच मोजतो. लेहला जनरेटरच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, विरळ हवेत इंजिन तेवढं देत नाही. पाटी कुठल्या हवेत, कुठल्या वयात छापली ते बघावं लागतं. सोळाचे दोन तृतीयांश साडेदहा. नऊला पुरे.

आता तेच लेबल दुसऱ्या यंत्रावर. माझ्या शेजारच्या मुलाकडे क्यू६६०० आहे, पहिल्या आवृत्तीचा, १०५ वॉटचा. त्यात त्याला ७५ वॉटचं ग्राफिक्स कार्ड घालायचं होतं. प्रोसेसरला १२ वर सव्वादहा अँपियर, कार्डाला सहाच्या आसपास, डिस्क आणि पंखे अडीच. एकोणीस झाले. "अंकल, पण माझा पण ४५० चाच आहे ना?" आहे बाळा, पण तुझा ४५० सोळा अँपियरचा आहे. आजच्या चांगल्या ४५० वॉटच्या डब्यावर १२ ला तीसच्या वर अँपियर असतात. त्याला तोच घ्यायला लावला.

उलट चूकही लोक करतात. साध्या ऑफिसच्या यंत्राला ७५० वॉटचा डबा सुचवतात. आमची यंत्रं प्लगमध्ये लावायच्या वॉटमीटरवर पूर्ण कामात असताना ११० च्या आत होती. शाळेने कशाला पैसे घालवावेत? चांगल्या प्रतीचा ३०० वॉटचा डबा भरपूर झाला. नवा घेताना लेबलवर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक बघा आणि डबा हातात तोलून बघा. आत तांबं आणि अॅल्युमिनियम नसलेला डबा पिसासारखा हलका लागतो. असल्या नव्यापेक्षा परीक्षेतून पार पडलेला जुना मला चालेल.

यूपीएसचं माप जाता जाता. जुन्या डब्यांत पॉवर फॅक्टर सुधारण्याची सोय नसते, तो ०.६५ च्या आसपास असतो. ११० वॉटला १७० व्हीए धरा. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटचाच असतो. मॉनिटर धरून दोन यंत्रं आरामात, तिसरं नको.

आता ज्यासाठी हे सगळं केलं तो मुद्दा. फोनवर शाळेच्या बाई म्हणाल्या, "साहेब, आमच्याकडे आधी एक मशीन होतं. त्याला हात लावला की पोरांना झिणझिण्या यायच्या. मग त्याच्यावर कापड घालून ठेवलंय." हा दोष एसएमपीएसचा नाही. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणीसाठी छोटे कपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रलपासून डब्याच्या पत्र्याला जोडलेले. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारी वीज जमिनीत जाते. नसेल तर पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट दिसतात. करंट अगदी कमी, एका यंत्राचा मिलिअँपियरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. पण नऊ यंत्रं एकाच बोर्डावर, अर्थची वायर एकमेकांना जोडलेली आणि जमिनीला मात्र नाही, असं झालं तर सगळ्यांचं मिळून तीन मिलिअँपियर. अनवाणी मुलाला तो झटका चांगलाच जाणवेल. आणि खरा धोका त्याहून मोठा आहे. नऊपैकी एका डब्यात फेज पत्र्याला टेकली, तर नऊच्या नऊ कॅबिनेट पूर्ण २३० वर येतात. चांगलेसुद्धा.

तपासणी सोपी आहे. वायरमनला समोर उभं करून सॉकेटमध्ये एसी मोजून घ्या: फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ जवळजवळ सारखे हवेत, न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट. शाळेत फेज ते अर्थ ९० च्या आसपास आणि अस्थिर आलं. म्हणजे तिसरं भोक नुसतं शोभेला. बाईंना सांगितलं, अर्थिंगचा खड्डा आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसल्याशिवाय आम्ही यंत्रं पाठवणार नाही. त्यांना वाईट वाटलं, मुलं वाट बघत होती. पण तीन आठवड्यांत गावानेच खड्डा खणला. वायरमनने आकडे फोनवर पाठवले: २३१, २२९, २. मग नऊ यंत्रं गेली, पाच जुन्या डब्यांची आणि चार नव्यांची. प्रत्येकाच्या पाठीवर तपासणीची तारीख आणि लोडवरचा १२ चा आकडा लिहिलेली पट्टी आहे. पुढच्या वर्षी मोजणाऱ्याला तुलना करता येईल.

बाद झालेले चार डबे कचऱ्यात टाकले नाहीत आणि भंगारवाल्यालाही दिले नाहीत. भंगारवाल्याकडून ते साफ होऊन पुन्हा कुठल्यातरी टेबलावर येतात, पंखा फिरवून दाखवला जातो. ई-कचऱ्याचे नियम देशात २०१२ पासून लागू आहेत आणि अधिकृत पुनर्वापर करणारे बेंगळुरूत पहिल्यापासून आहेत, त्यांच्याकडे द्या. देण्याआधी प्लग काढून एक दिवस ठेवा, आणि मग बाहेर आलेल्या सगळ्या वायरी डब्याच्या तोंडाशी कापा.